उंची सांगणारी डबी

घाटाच्या वळणांवरून मोटार वर जाऊ लागली, की माझ्या कानांत दडे बसतात. सोबतचे प्रवासी कंटाळून आवंढे गिळतात. मला मात्र त्या दड्यांची थोडी गंमतच वाटते. डोळे मिटून घेतले, तरी आपण उंच चाललो आहोत, ही वार्ता कान बिनचूक देतात! उंची ही डोळ्यांनी पाहावयाची गोष्ट. ती कानांना कशी बरे कळावी?

याचे उत्तर हवेत आहे. आपल्या डोक्यावर हवेचे थर रचलेले असतात आणि वरच्या थरांचा भार खालच्या थरांवर पडतो. जसजसे वर जावे, तसतसा हा भार हलका होतो. कानाच्या पडद्याबाहेरचा दाब उतरतो, आतला लगेच उतरत नाही, आणि दडे बसतात.

ही गोष्ट प्रथम प्रयोगाने पडताळून पाहिली फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने. हवेचा दाब पाऱ्याच्या नळीने मोजण्याची युक्ती इटलीतील तोरिचेल्लीने आधीच काढली होती. पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी अशी नळी घेऊन पुई-द-दोम नावाचा डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारे तीन इंच खाली आला. परंतु या प्रयोगातील एक लहानशी गोष्ट मला सर्वांत अधिक आवडते. पेरिएने तशीच दुसरी नळी पायथ्याच्या मठात ठेवली होती आणि तिथल्या एका साधूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवावयास सांगितले होते. खालचा पारा जागचा हलला नाही, म्हणूनच वरचा पारा उंचीमुळे उतरला, हवामान पालटल्यामुळे नव्हे, असे पेरिएला छातीठोकपणे म्हणता आले.

विमानातील उंचीमापक हे याच प्रयोगाचे अपत्य होय. त्याच्या पोटात पातळ पत्र्याची, हवा काढून घेतलेली एक डबी असते. विमानाच्या कुशीवरील बारीक छिद्रांतून बाहेरच्या हवेचा दाब नळीवाटे तिच्याभोवती पोहोचतो. विमान वर चढले, की दाब उतरतो व डबी किंचित फुगते. खाली आले, की ती दबते. ही केसाएवढी हालचाल तरफा आणि दातेरी चक्रे वाढवीत नेतात आणि घड्याळासारख्या तबकडीवर काटे फिरू लागतात. आजच्या मोठ्या विमानांत काट्यांऐवजी आकडे झळकतात. पण त्यांमागेही हवेचा दाबच असतो.

म्हणजे या यंत्राला उंची मुळी दिसतच नाही! त्याला कळतो तो केवळ दाब. आणि दाब तर हवामानाबरोबरही बदलतो. वादळी हवेत तो दहा हेक्टोपास्कलने उतरला, तर विमान जागच्या जागी असूनही काटा सुमारे ८० मीटर अधिक उंची दाखवील. ढगांत शिरलेल्या वैमानिकाच्या पुढे डोंगर असेल, तर एवढा फरक प्राणघातक ठरावयाचा. म्हणून यंत्राला एक लहानशी कळ असते. विमानतळाहून कळविलेला दाबाचा आकडा वैमानिक त्या कळीने लावतो. खूप उंचावर मात्र सारी विमाने १०१३.२५ हा एकच आकडा लावतात. त्यामुळे खरी उंची थोडी निराळी असली, तरी सर्वांची तफावत सारखीच राहते आणि वरखाली जाणाऱ्या विमानांमधील अंतर टिकते.

या साऱ्या योजनेत ती बारीक छिद्रे किती मोलाची, हे १९९६ साली जगाला कळले. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर पेरू देशातील लिमा येथून एक विमान उडाले. विमान धुताना त्याची छिद्रे चिकटपट्टीने झाकली होती. ती पट्टी काढावयाची राहून गेली होती. खाली अंधारा समुद्र होता. यंत्रे भलतेच सांगू लागली, तेव्हा वैमानिकांनी जमिनीवरील नियंत्रकाला उंची विचारली. त्याने सांगितली, परंतु त्याच्या पडद्यावरचा आकडाही विमानातील त्याच यंत्रणेकडून आलेला होता! विमान समुद्रात कोसळले आणि ७० माणसे प्राणास मुकली.

हे वाचल्यापासून मला मठातील तो साधू वारंवार आठवतो. त्याने डोंगर चढला नाही, शिखर पाहिले नाही. तो केवळ आपल्या पाऱ्याकडे पाहत बसला. पण त्याची नोंद वरच्या नळीवर विसंबून नव्हती, ती स्वतंत्र होती. म्हणूनच तिला मोल आले. आजही प्रत्येक विमानतळावर कोणी ना कोणी, कोणते ना कोणते यंत्र, दिवसरात्र हवेचा दाब पाहत असते. हजारो फुटांवरून खाली येणारा वैमानिक धावपट्टी दिसण्यापूर्वीच त्या आकड्याची चौकशी करतो, कळ फिरवितो, आणि मगच आपल्या काट्यावर विश्वास ठेवतो.