कापलेल्या मडगार्डची गाडी

'ही इथे नको, तिकडे पार्किंगमध्ये लावा.' हे वाक्य अजून मनातून जात नाही. इटलीत पिएमाँतमधल्या एका गावी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. शुल्क भरलेलं, पावती खिशात. चौकातल्या रांगेत मी शिरणार, तोच बिल्ला लावलेले एक गृहस्थ आले, मडगार्ड पाहिले आणि हात करून बाहेरची वाट दाखवली.

नोकरीसाठी पुण्याहून तुरिनला आलो आणि चार वर्षांनी ही 1969 ची अल्फा रोमिओ जीटी 1300 ज्युनिअर घेतली. बेर्तोने या डिझाइन कंपनीत असताना डिझाइनर जुजारोने पंचविशीच्या आत आखलेली ही रेषा. 1290 सीसीचं इंजिन, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. चांगली राखलेली गाडी माझ्या पगारात बसत नव्हती. ही बसली, कारण कुणीतरी तिची नासधूस केली होती.

त्यालाही कारण होतं. 1965 मध्ये अल्फाने शर्यतीसाठी जीटीए काढली. बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. शर्यतपटू आंद्रेआ दे आदामिकने तिच्यावर 1966 आणि 1967 मध्ये युरोपियन टूरिंग कार स्पर्धेत आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. पुढे रुंद मडगार्डची जीटीएएम आली आणि ज्युनिअरवाल्यांनीही आपापल्या गाड्यांना ग्राइंडर लावले. माझ्या गाडीच्या चारही कमानी कापून त्यावर फायबरचे फुगवटे रिव्हेटने ठोकले होते आणि सांधे पुट्टीने बुजवले होते. आत पाणी साचून पत्रा सडला. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून असं कापणं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. पहिलं वर्षभर मी त्या अनोळखी माणसाचा रागच केला.

मेळाव्याच्या त्या दिवशी मात्र राग दुसरीकडे वळला. गृहस्थांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. इंजिन याच गाडीचं, पहिल्यापासूनचं आहे, हे ऐकूनही घेतलं नाही. मी तासभर पार्किंगमध्ये उभा राहिलो, मग पायी चौकात गेलो. रांगेत पहिलीच एक लालभडक जीटीए. मालकाशी बोललो. त्याने मोकळेपणाने सांगितलं, मूळची ज्युनिअरच, चाकं, बिल्ले, रंग सगळं नंतरचं. म्हणजे पत्रा लोखंडाचाच. मी परत त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांना हे ठाऊक होतं. म्हणाले, 'ती छान दिसते.' नक्कल दोन्ही गाड्यांत होती. एक चकचकीत होती म्हणून तिला चौक, आणि माझ्या गाडीचे व्रण दिसत होते म्हणून तिला बाहेरची जागा. हे मला आजही पटत नाही.

पगारदार माणसाला या गाड्यांपर्यंत नेणारी वाट अशा बिघडवलेल्या गाड्यांतूनच जाते. घ्यायची असेल तर रंगाकडे नंतर बघा. आधी गालिचा उचला, डिकीच्या कडा पाहा, दरवाज्याखालचा पत्रा बोटांनी दाबा. सीट, स्टिअरिंग, बंपर बदललेले असले तर परत मूळचे लावता येतात. कापलेल्या पत्र्याला मात्र वेल्डिंगचे दिवस आणि पैसे दोन्ही लागतात. आणि काढलेला एकही भाग टाकू नका.

मेळाव्याच्या संध्याकाळी ठरवलं होतं, फुगवटे तसेच ठेवायचे. हिवाळ्यात गाडी डेंटरकडे दिली, तीही मडगार्ड मूळ आकारात आणायला. का बदललो, मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही मागचे झाले, नवा पत्रा जोडला गेला. मग पुढच्या डाव्या फुगवट्याची पुट्टी खरवडताना म्हाताऱ्या डेंटरने मला हाक मारली. पत्र्यावर टोकदार अवजाराने कोरलेली स्वच्छ कमान होती आणि तिच्यावर रिव्हेटसाठी समान अंतरावर मारलेल्या पंचाच्या खुणा. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी गुडघ्यावर बसून, मापं घेऊन हे आखलं होतं.

मी काम थांबवायला सांगितलं. मागचे फुगवटे तळघरात कापडात गुंडाळून ठेवले आहेत. पुढचे दोन अजून गाडीवरच आहेत.