पट्टा वीस मीटरचा, तोटा अख्ख्या गटाचा

गॅसची किंवा तेलाची पाइपलाइन शेतातून जाणार अशी नोटीस आली, की शेतकरी मला पहिलं विचारतो, ‘साहेब, गुंठ्याला किती मिळतील?’ शेतजमिनीचं मूल्यांकन हा माझा व्यवसाय आहे आणि अनुभवाने सांगतो, हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायला हवं ते हे: लाइन माझ्या गटातून नेमकी कुठून जाणार? पुढच्या पिढीपर्यंत जमिनीला काय भाव येईल, ते बरंचसं या एका उत्तरावर ठरतं.

आपल्याकडे हे सगळं १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याने चालतं. मुंबई-मनमाड, मुंबई-पुणे-सोलापूर, दाभोळ-बंगळुरू, काकीनाड्याहून भरूचला जाणारी गॅसवाहिनी, अशा कितीतरी वाहिन्या महाराष्ट्राच्या शेतांखालून जातात. या कायद्यात सरकार जमीन विकत घेत नाही, फक्त एका पट्ट्याच्या वापराचा हक्क घेते. सातबारावर नाव शेतकऱ्याचंच राहतं, सारा तोच भरतो, ज्वारी-हरभरा तोच पेरतो. फरक पडतो तो ‘इतर हक्क’ या रकान्यात आलेल्या नोंदीने आणि त्या नोंदीमागे असलेल्या तीन बंदींनी. पट्ट्यात बांधकाम करायचं नाही, विहीर किंवा तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही.

कागदावर या अटी किरकोळ वाटतात, कारण आधी जे पीक घेत होता ते घ्यायला मुभा आहे. पण कोरडवाहू माणूस जमिनीचा भाव वाढवतो तो कशाने? विहिरीने, शेततळ्याने, डाळिंब-आंब्याच्या बागेने आणि गाव वाढत आलं तर घरांच्या प्लॉटने. जिरायतीची बागायत होण्याचे आणि शेतीची बिनशेती होण्याचे जे रस्ते आहेत, नेमके तेच त्या पट्ट्यात बंद होतात. आजचं पीक शाबूत राहतं, उद्याची शक्यता जाते. खरेदीदार पैसे मोजतो ते या दोन्हींचे मिळून.

मोबदल्याचं गणित मात्र आजचंच आहे. पट्ट्यातल्या जमिनीचा पहिल्या अधिसूचनेच्या तारखेला जो बाजारभाव असेल, त्याच्या १० टक्के. पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली, गुजरातमधल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात, हा कायदा वैध ठरवला. त्यामुळे दहा टक्के हा आजचा कायदा आहे, हे धरूनच पुढे बोलायला हवं.

आता एक उदाहरण मांडतो. समजा तीन एकरांचा चौकोनी गट आहे, प्रत्येक बाजू साधारण ११० मीटर, भाव एकरी ४० लाख, म्हणजे गुंठ्याला एक लाख. पट्टा २० मीटर रुंद. लाइन बांधालगत गेली तर सुमारे २२ गुंठे पट्ट्यात जातात आणि मोबदला होतो २ लाख २० हजार. तीच लाइन कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी गेली तर २९ गुंठे जातात, मोबदला २ लाख ९० हजार. तिरप्या लाइनीला सत्तर हजार जास्त मिळतात म्हणून शेतकरी गप्प बसतो. पण बांधालगतच्या लाइनीने जवळजवळ अडीच एकरांचा सलग तुकडा मोकळा राहिला असता. तिरप्या लाइनीने ४५-४५ गुंठ्यांचे दोन त्रिकोण उरतात. त्यात धड प्लॉट पडत नाहीत, मधून रस्ता काढता येतो की नाही याची शंका राहते आणि दोन्हीकडे पाणी द्यायचं तर दोन सोयी कराव्या लागतात. अशा गटाला गिऱ्हाईक सगळ्याच क्षेत्रावर फक्त दहा टक्के कमी देऊ लागलं, तरी तोटा १२ लाखांचा. दहा टक्के दोन्हीकडे तेच आहेत. कायदा ते पट्ट्यावर मोजतो, बाजार ते गटावर मोजतो.

सगळीकडे असंच होतं असं नाही. गावापासून लांब, पाण्याची आशा नसलेल्या माळरानात दहा टक्के पुरेसे ठरतात, कधी जास्तही. उलट गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन घ्या. महसूल कायद्यातल्या अलीकडच्या तरतुदींनी तिथे बिनशेतीचा मार्ग सोपा झाला आहे. तिथे पट्ट्यावरचं बांधकाम थांबणं म्हणजे पट्ट्याची जवळपास पूर्ण किंमत जाणं. या दोन जमिनींना एकच टक्का लावणं हा माझ्या लेखी या कायद्यातला खरा अन्याय आहे.

मातीचाही विचार हवा. कायद्याने नळी जमिनीपासून किमान एक मीटर खाली असते. चर खणताना काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र झाला, तर वरचा थर पूर्ववत व्हायला कितीतरी हंगाम जातात. अवजड यंत्रांनी दाबलेल्या पट्ट्यात पावसाचं पाणी साचतं. वरची माती वेगळ्या ढिगात ठेवून शेवटी वरच परत पसरायची, एवढी एक अट कामाआधी लेखी घेतली तर हे बरंचसं टळतं. शिवाय किमतीत भीतीही मोजली जाते. २७ जून २०१४ ला आंध्रातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम इथे गॅसवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसं गेली. अशी बातमी एकदा वाचलेला खरेदीदार लाइनीपासून लांबची जमीन शोधतो.

वाहिन्या नकोत, असं मी म्हणत नाही. टँकरने तेल नेण्यापेक्षा नळीने नेणं सुरक्षित आणि स्वस्त आहे. पण देशाने दुसऱ्या एका क्षेत्रात आपला हिशेब सुधारला आहे. वीजवाहिन्यांच्या तारांखालच्या पट्ट्यासाठी पूर्वी जमिनीच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत भरपाईची शिफारस होती. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेली आणि मनोऱ्याखालच्या जागेसाठी किमतीच्या दुप्पट रक्कम सुचवली. डोक्यावरून जाणाऱ्या तारेला ३० टक्के आणि मातीतून जाणाऱ्या नळीला १० टक्के, या फरकाला मला तरी आधार सापडत नाही. पाइपलाइनच्या कायद्यातही अख्ख्या गटाचं लाइनीआधीचं आणि लाइनीनंतरचं मूल्य मोजून फरक देण्याची तरतूद यायला हवी. पद्धत अवघड नाही. आम्ही मूल्यांकनकार इतर कामांत ती रोज वापरतो.

तोवर शेतकऱ्याच्या हातात काय आहे? वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. अधिसूचनेपासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. घराखालून, पक्क्या बांधकामाखालून किंवा घरालगतच्या जागेतून लाइन नेता येत नाही, हे कायद्यातच आहे. भरपाईच्या कलमात पिकाबरोबर आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या मागणारे फार थोडे भेटतात: काम चालू असताना जमिनीचा एक भाग दुसऱ्यापासून तुटल्याने झालेलं नुकसान आणि इतर मालमत्तेला किंवा उत्पन्नाला पोचलेली झळ. ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

म्हणून नोटीस आली की त्याच आठवड्यात भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा काढा आणि लाइनीची रेघ त्यावर मारून घ्या. विहीर कुठे घ्यायची होती, बाग कुठवर न्यायची होती, रस्ता कुठून येतो, ते त्याच कागदावर लिहा. मग बांधालगत सरकवण्याची मागणी भावकीतल्या आणि शेजारच्या गटांतल्या सगळ्यांनी मिळून करा, कारण एका गटातली लाइन सरकली की शेजारच्या गटातलीही सरकते. पंचनामा होताना स्वतः हजर राहा, उभ्या पिकाचे आणि झाडांचे फोटो तारखेसह ठेवा. नळ्या जोडून झाल्यावर कोणी काहीही बदलत नाही. जे बदलायचं ते या २१ दिवसांत, आणि ते शेतकऱ्यानेच मागायचं असतं.