शेवटच्या वर्षाची अक्षरे

मुलगा डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षात आहे असे सांगितले की ऐकणारा अदबीने मान हलवितो, आणि वकिलीच्या शेवटच्या वर्षात आहे असे म्हटले की तो आपल्या भाडेकरूवरील दाव्याची हकीकत सांगू लागतो. परंतु आमची धाकटी कन्या ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षात आहे, असे आम्ही गतवर्षी ज्यास ज्यास सांगितले त्या बहुतेकांनी क्षणभर थांबून, "म्हणजे नक्की काय?" असाच प्रश्न केला. एका स्नेह्यांनी मात्र काही न विचारता नातवाच्या मुंजीची पत्रिका तिच्याकडून फुकट काढून घेण्याचे तेथल्या तेथे ठरवून टाकले. या विद्येविषयी सुशिक्षित पुणेकराची कल्पना साधारणतः एवढीच असते.

वास्तविक ही विद्या आपल्याकडे काल आलेली नाही. 'ग्राफिक डिझाइन' हा शब्दप्रयोग अमेरिकेतील विल्यम ड्विगिन्स यांनी १९२२ साली एका लेखात केला, आणि त्यानंतर तेराच वर्षांनी, १९३५ साली, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 'कमर्शिअल आर्ट'चा विभाग निघाला. १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. पुण्यात टिळक रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यास अभिनव कला महाविद्यालय ठाऊक असतेच. पदवीच्या कागदावर या विषयास 'उपयोजित कला' असे म्हणतात. हे विशेषण ऐकले की, मग उरलेली कला निरुपयोगी समजावयाची की काय, अशी शंका आम्हांस नेहमी येते. पण तिचे निरसन चित्रकारांनी करावे.

चार वर्षांपैकी पहिली तीन आमच्यासारख्या इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्यासही समजण्याजोगी होती. शिक्षक विषय देत. मुलगी रात्र जागून काम पुरे करी, आणि सकाळी ओल्या रंगाचा तक्ता दोन्ही हातांनी सांभाळीत रिक्षात बसे. चौथ्या वर्षाच्या आरंभी शिक्षकांनी सांगितले की, आता प्रश्नही तुम्हीच शोधा. हे वाक्य दिसावयास लहान आहे. आमच्या क्षेत्रात मनुष्यास ही आज्ञा पीएच.डी.पर्यंत होत नाही, आणि कित्येकांच्या बाबतीत तेव्हाही मार्गदर्शकच विषय काढून देतात! कन्येचा सबंध जून महिना त्यात गेला. तिच्या वर्गातील कोणी गडकिल्ल्यांच्या सहलींची जाहिरातमाला घेतली, कोणी रक्तदान घेतले, कोणी एका काल्पनिक साबणाचे वेष्टन घेतले. आमच्या घरी मात्र वहीत रोज एक विषय लिहिला जाई आणि रोज खोडला जाई.

जुलैत आमच्या मातोश्रींना डोळ्यांसाठी एका दवाखान्यात नेले होते. बाहेरच्या खोलीत लाल दिव्यांच्या ठिपक्यांची पाटी होती, व तीवर आत जावयाच्या रोग्याचे नाव उमटे. मातोश्री बराच वेळ त्या पाटीकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी नातीस विचारले, "काय गं लिहिलंय ते?" नात म्हणाली, "आजी, तुझंच नाव आहे." डोळ्यांचा दोष किती व पाटीचा किती, याचा निवाडा डॉक्टरांनी करावा, परंतु विषय सापडला तो असा.

त्यानंतर देवनागरी लिपीविषयी जे आम्ही पन्नासाव्या वर्षानंतर शिकलो, ते येथे थोडे विस्ताराने सांगितल्यास वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. ठिपक्यांची पाटी हे यंत्र मुळात रोमन लिपीच्या सोयीने घडलेले आहे. आडव्या सात व उभ्या पाच ओळी, म्हणजे अवघे पस्तीस ठिपके घेतले की त्यांत रोमन लिपीचे कोणतेही मोठे अक्षर बसते. देवनागरी ही तीन मजल्यांची लिपी. मधल्या मजल्यावर अक्षराचे अंग, वर मात्रा, वेलांट्या व अनुस्वार, खाली उकार. आणि वरच्या दोन मजल्यांच्या मध्ये शिरोरेघेची तुळई. सात ओळींत हे बिऱ्हाड मावणे शक्य नाही. कन्येने सोळा ओळींची चौकट घेतली, आणि वरच्यांस चार, शिरोरेघेस एक, अंगास सात व उकारास चार अशी वाटणी केली. संगणकावर हे क्षणात करता येते. पण पाटी कोणी हातभर अंतरावरून वाचीत नाही, असे म्हणून तिने तुळशीबागेतून लाल टिकल्यांची पाकिटे आणली, आणि आमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या काळसर दारावर त्या चिकटवून अक्षरे मांडू लागली. ज्या कपाटात शेक्सपिअर आहे त्याच्या दारावर हडपसर, कात्रज व निगडी अशी नावे उमटू लागली. बसच्या पाटीवर जी नावे मनुष्य धावता धावता वाचतो तीच परीक्षेस घ्यावयाची, असा तिचा नियम होता. मग घरातील सर्व मंडळींस दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास उभे करून वाचावयास लावी, आणि चुकेल त्याचे नाव वहीत टिपून घेई.

थ आणि य, ध आणि घ, भ आणि म यांतील भेद आपण बालवर्गात शिकतो, आणि पुन्हा त्यांकडे पाहत नाही. या जोड्यांतील पहिल्या अक्षराची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते, हे त्यांना ओळखण्याचे मोठे गमक. ठिपक्यांच्या पाटीवर ही तूट एका किंवा दोन ठिपक्यांची. तेवढे दिवे विझावयाचे राहिले की भोसरीची मोसरी होते आणि धायरीची घायरी. थेऊरचे येऊर होते ते तर फारच वाईट. कारण येऊर नावाचे गाव खरोखरीच आहे, आणि ते ठाण्याजवळ आहे. चिंतामणीच्या दर्शनास निघालेल्या भाविकाचे त्या एका दिव्यापायी काय होईल, याची कल्पना करून आमच्या घरी पुष्कळ हसणे झाले. पण कन्या हसता हसता मध्येच उठून टिकली काढून पाही, पुन्हा लावी, पुन्हा काढी.

सर्वांत हट्टी नाव निघाले ते 'कोंढवा बुद्रुक'. पहिल्या अक्षरावर मात्रा आणि अनुस्वार यांची दाटी, आणि पुढे 'द्रु'. द, त्याच्या पोटात र, आणि त्या दोहोंच्या खाली उकार! या एका जोडाक्षरापायी सप्टेंबर सरला. दोन-अडीच डझन मांडण्या झाल्या. एकीत ते 'हु' दिसे, दुसरीत नुसता डाग. अखेर आमच्या कॉलेजच्या कार्यालयातील, मावळातून आलेले एक जुने कारकून काही कामानिमित्त घरी आले असता, कपाटाकडे पाहून सहज म्हणाले, "ताई, आमच्या सातबाऱ्यावर नुसतं 'बु.' असतं की." फारसीतील बुजुर्ग आणि खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे, हे शब्द आपल्या तलाठ्यांनी कधीच 'बु.' व 'खु.' करून टाकलेले आहेत. कन्येने त्या संध्याकाळी टिकल्यांचा अख्खा 'बुद्रुक' उतरविला. ती खट्टू झाली असेल असे आम्हांस वाटले. पण तिने तक्त्याखाली टीप लिहिली की, या शब्दाचे संकल्पन महसूल खात्यात पूर्वीच झालेले आहे.

याच दिवसांत ती एकदा म्हणाली, "बाबा, वाचणाऱ्याला अक्षर दिसलंच नाही पाहिजे. गाव दिसलं पाहिजे." आम्ही प्राध्यापक मंडळी अर्ध्या पानाच्या टिपणाखालीही नाव घातल्यावाचून राहत नाही. त्यामुळे हे बोलणे आमच्या मनात पुष्कळ दिवस राहिले. निर्णयसागर छापखान्याचे नाव ज्याच्या घरी पंचांग व पोथ्या होत्या त्या प्रत्येकास ठाऊक आहे, आणि तो १८६९ साली काढणारे जावजी दादाजी हेही काहींस ठाऊक असतील. परंतु त्या सुंदर खिळ्यांचे साचे ज्यांनी कोरले त्या राणोजी रावजी आरू यांचे नाव किती घरांत माहीत आहे? आपल्या पुण्यातच १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिची रंगीत चित्रे घरोघर भिंतींवर लागली, त्यांवर छापखान्याचे नाव असे. दगडावर ती उतरविणाऱ्यांची आठवण कोणी ठेविली नाही. अलीकडचे उदाहरण हवे तर, विंडोजच्या संगणकावर ज्यांनी मराठी अर्ज टंकिले त्यांनी 'मंगल' हा टंक वापरलेला असावयाचाच. तो रचणारे र. कृ. जोशी हे स्वतः कवी व सुलेखनकार होते; २००८ साली ते वारले. त्यांच्या अक्षरांत लिहिलेल्या कोट्यवधी अर्जांवर अर्जदाराची सही असते, त्यांची नसते. नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरांवरून ओळखले गेलेले कमल शेडगे हे भाग्यवान अपवाद म्हणावयाचे.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाचे आम्हांस विशेष वाटते. त्या चार दिवसांत प्रत्येक तक्त्याशेजारी मुलाचे नाव ठळक लावलेले असते. गवयाचे नाव पुढे वाढत जावयाचे असते. यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत मात्र काम व नाव एका भिंतीवर येण्याचा हा पहिला प्रसंग, आणि बहुधा शेवटचाही. पुढे बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या बाटलीवर, मतपत्रिकेवर यांचे काम राहील, आणि ते कोणाचे हे कोणी विचारणार नाही. मुले त्या दिवशी नवे कपडे घालून आपापल्या नावाजवळ उभी होती, हे आम्हांस योग्यच वाटले.

आमच्या कन्येच्या तक्त्यांपुढे गर्दी नव्हती. रंगीत किल्ल्यांपुढे व रक्ताच्या थेंबांपुढे लोक थांबत. येथे येऊन दहा-वीस गावांची नावे वाचीत आणि पुढे जात. काही जण आपले गाव यादीत आहे की नाही एवढे पाहत. एका बाईंना मांजरी सापडले, तेव्हा त्यांनी नवऱ्यास हाक मारून ते दाखविले. परीक्षेच्या दिवशी परीक्षक दोन मिनिटे उभे राहून म्हणाले होते, "यात तुझं डिझाइन कुठं आहे? मला तर नुसती गावांची नावं दिसताहेत." घरी हे ऐकून तिची आई संतापली. आमच्या मते चार वर्षांत तिला मिळालेला याहून चांगला अभिप्राय नव्हता. मात्र गुण त्या मानाने पडले नाहीत. शंभरांत एकसष्ट मिळाले. दिसू नये म्हणून जे केले त्यास दिसण्याबद्दलचे गुण कसे द्यावेत, ही परीक्षकांची अडचण खरीच आहे, आणि ती सुटेल असे आम्हांस वाटत नाही.

यंत्रे आता सांगाल ते चित्र काढून देतात, मग या मुलांचे काय, असेही पुष्कळांनी विचारले. कन्येने एकदा आमच्यादेखत यंत्रास 'मुंढवा' अशी पाटी असलेली बस मागितली. पाऊस, ओला रस्ता, दिव्याचा पिवळा उजेड हे सर्व इतके सुरेख आले की आम्ही थक्क झालो. पाटीवर मात्र एका आडव्या रेघेखाली काही आकृत्या लोंबत होत्या; लांबून देवनागरी, जवळून काहीच नाही. उद्या हेही सुधारेल, असे तीच म्हणाली. मग मुंढव्याचा अनुस्वार 'ढ'च्या पोटात पडू नये म्हणून ती पुन्हा टिकल्या लावीत बसली.

परीक्षेनंतर तिच्यापुढे दोन जागा आल्या. एक बंगळूरची, मोबाइलचे पडदे आखण्याची. तेथे सर्व काम इंग्रजीत, आणि पगार आम्हांस नोकरीच्या विसाव्या वर्षी जो मिळत होता त्याहून अधिक. दुसरी मुंबईच्या एका लहानशा कचेरीतील, भारतीय लिप्यांचे टंक आखण्याची. पगार पहिलीच्या निम्म्याहून कमी, आणि तोही सहा महिने काम पाहून मग कायम. तिच्या आईने मुंबईच्या खोलीचे भाडे काढून पाहिले आणि कागद आमच्यापुढे ठेविला. त्या आकड्यांस उत्तर नव्हते. मराठीच्या कैवाराच्या सभांतून आम्ही स्वतः पुष्कळ बोललो आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या कॉलेजातही पेढे वाटले गेले. परंतु मराठी अक्षर आखणाऱ्याने खावे काय, हा विषय यांपैकी कोणत्याही सभेत निघालेला आम्हांस स्मरत नाही. तेव्हा एकवीस वर्षांच्या मुलीस मराठीसाठी निम्म्या पगारावर जा असे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे असे आम्हांस वाटेना, आणि जाऊ नको असे सांगण्याची इच्छाही होईना. आम्ही एवढेच म्हणालो की, सहा महिन्यांचे भाडे आम्ही देऊ. ते कर्ज समज वा काही समज.

ती ऑगस्टात मुंबईस गेली. पहिल्या महिन्यात तिने सबंध लिपीतील फक्त 'ळ' आखला, असे तिचे पत्र, म्हणजे फोनवरील संदेश, आला. मातोश्रींनी विचारले, "पुस्तकात छापलं की खाली हिचं नाव येईल ना?" आम्ही नाही म्हटले. त्यांनी यावर काही विचार केला असावा, पण बोलल्या नाहीत. कपाटाच्या दारावर टिकल्यांचा 'मुंढवा' अजून आहे. मागच्या आठवड्यात त्यातील अनुस्वार गळून पडला होता. तो त्यांनीच चष्मा लावून, खुर्चीवर चढण्याचा हट्ट करून, होता तेथे पुन्हा बसविला.