लॉक काढण्याआधी

लोणावळा

चि. भाचेबुवा,


तुझा निरोप ताईकडून कळला. नवी पिकअप ऐंशीच्या पुढे जात नाही, कामशेतला कुणीतरी लॅपटॉप जोडून ‘लॉक’ काढून देतो म्हणालाय, आणि मामाची हयात गाड्यांखाली गेली म्हणून मामाला विचारायचं. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो, हो’ करून तू सोडून दिलं असतंस. म्हणून लिहितोय.

तुझी तक्रार खोटी नाही. एक्स्प्रेसवेवर पुढचा ट्रक अठ्ठ्याहत्तरने चाललेला, तू ऐंशीने बाहेर निघतोस आणि मग दीड-दोन किलोमीटर दोघं शेजारी शेजारी. मागचा कारवाला डिपर मारून जीव खातो. अशा वेळी पाय दाबावा आणि गाडीने ऐकू नये, याची चीड कुणालाही येईल. त्यावर उपाय मात्र एकच: ताशी दोन किलोमीटरच्या फरकासाठी बाहेर निघूच नये. तू हे वाचून हसणार, ठाऊक आहे.

कंपनीने हे हौसेने बसवलेलं नाही. १५ एप्रिल २०१५ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११८ वा नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या मालवाहू गाड्यांना ८० ची मर्यादा आली. डंपर, टँकर आणि स्कूलबसला तर ६०. ड्रायव्हर सोडून आठ माणसांपर्यंतच्या, साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाड्या सुटल्या. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्याही सुटल्या. जुन्या गाड्यांवर वेग आवरणारा डबा बाहेरून बसवत. पासिंगपुरता जोडायचा आणि नंतर वायर काढून ठेवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या गाडीत मात्र ती मर्यादा इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येच आहे. सेन्सर वेग सांगतो, ऐंशी गाठले की कॉम्प्युटर डिझेल आखडतो. एवढंच त्याचं काम. तो ब्रेक नाही, हे नीट लक्षात ठेव. उतारावर भरलेली गाडी स्वतःच्या वजनाने नव्वदला गेली, तर लॉक तिला धरत नाही.

आता हिशोब कर. तुझा माल पॉलिहाऊसमधला गुलाब, जायचं दादरला, उजाडायच्या आत. वाटेत खंडाळ्याचा घाट; तिथे भरल्या गाडीला ऐंशीचा प्रश्नच येत नाही. कळंबोलीपुढे सिग्नल आणि गर्दी. राहिला सपाटीचा एक्स्प्रेसवे, घाटाच्या वर आणि खाली मिळून सुमारे ६५ किलोमीटर. ऐंशीने तो एकोणपन्नास मिनिटांत सरतो, शंभरने एकोणचाळीस मिनिटांत. मध्ये एकदाही पाय न उचलता शंभर राखलेस, तरच ही दहा मिनिटं. बंच बांधून होईपर्यंत तुझी गाडी शेडच्या दारात किती वेळ उभी असते, ते तूच सांग.

त्या दहा मिनिटांसाठी काय पणाला लागतं? ऐंशीवरून शंभरवर गेलास की गाडीतली ऊर्जा सव्वापट होत नाही, दीडपटीहून जास्त होते. ती वेगाच्या वर्गाने वाढते. ती सगळी जिरवायची ब्रेकनी. मागे पाट्यांचे स्प्रिंग आणि ड्रम ब्रेक. रिकामी गाडी आधीच उड्या मारते. टायरच्या बाजूवरचं इंग्रजी अक्षर वाच. के असेल तर ११०, एल असेल तर १२०, आणि तेही ठरलेल्या वजनाला, ठरलेल्या हवेला. आपल्याकडे हवा अंदाजाने भरतात आणि क्रेट पाटीच्या वर रचतात. अमेरिकेतल्या दांडग्या पिकअपनाही कंपन्या मर्यादा घालून देतात. तिथे मोठं कारण टायरच. कधी शर्यतीचे बैल नेतोस तेव्हा तर माल उभा असतो आणि वळणावर पाय हलवतो. त्या दिवशी साठ पुरे.

कायद्याचं थोडक्यात. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडीला एक्स्प्रेसवेवरही ८० च, म्हणजे लॉक काढलास तरी ऐंशीच्या पुढचा प्रत्येक किलोमीटर गुन्हाच. आणि २०२४ पासून आपल्या एक्स्प्रेसवेवर कॅमेऱ्यांची यंत्रणा लागली आहे. मालकाने गाडीत बेकायदा फेरबदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वॉरंटीवर कंपनी हात वर करू शकते. अपघात झाला तर विमावाल्यांना भांडायला तू स्वतःच मुद्दा दिलेला असशील. लॅपटॉपवाला तेव्हा फोन उचलणार नाही.

घाटात माझं एक ऐक. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची खोड तुमच्या वयाच्या पोरांत आहे. खोपोलीच्या उतारावर ब्रेक तापून जाणाऱ्या गाड्यांमागे ही खोड पुष्कळदा असते. ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. जुन्या रस्त्याने गेलास तर घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं जरूर टाक. गिअर मात्र तुलाच टाकावा लागेल.

लॉक राहू दे. पैसे खर्चायचेच असतील तर बंद बॉडी करून घे, फुलांना वाऱ्याचा मार कमी बसेल. आणि शेडवाल्याला सांग, माल अर्धा तास आधी बांधून ठेव. तो तुला लहान समजून ऐकत नसेल तर मला कळव, मी बोलतो.

तुझा,
मामा