माणसाचा नैसर्गिक आहार कोणता?

एक प्रश्न विचारतो. माणूस मुळात शाकाहारी की मांसाहारी? घाईने उत्तर देऊ नका. मी दिलं होतं, आणि चुकलो होतो.

आमच्या वणी तालुक्यातल्या वर्गात एकदा मी सांगितलं, "आपले सुळे वाघासारखे लांब नाहीत, म्हणून माणूस मूळचा शाकाहारी." मुलांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी भिंतीकडे तोंड करून डबा खात होती. डब्यात भाकर आणि सुक्या झिंग्यांची चटणी. बाजूच्या मुली उठून गेल्या होत्या. एकजण म्हणालीसुद्धा, "सरांनीच सांगितलं ना, माणसानं असं खायचं नसते!"

माझा घास घशातच अडकला. त्या रात्री पुस्तकं पुन्हा काढली.

आता तुम्हीच तपासा. मोठ्या माणसाला 32 दात असतात. पटाशीचे 8, सुळे 4, उपदाढा 8 आणि दाढा 12. म्हणजे कापायचे, फाडायचे आणि दळायचे, असे सगळेच दात आपल्याजवळ आहेत. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. तिच्या पोटाला चार कप्पे असतात आणि तिथले सूक्ष्मजीव गवत पचवतात. आपण गवत खाल्लं तर ते पचत नाही. मांजर 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. आपल्याला ते जमत नाही, म्हणून आवळा, पेरू, लिंबू खावंच लागतं. उलट 'बी-12' जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं.

एक प्रयोग करा. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावत राहा. गोड लागतो ना? लाळेतलं विकर पिष्टाची साखर करू लागतं. पचनाची सुरुवात तोंडातच होते.

म्हणजे माणूस मिश्राहारी आहे. शाकाहारावरही तो उत्तम जगतो, फक्त ताटात विविधता हवी. आपल्या आजीला हे पुस्तकाविना माहीत होतं. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी, तुरीच्या डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणून भाकर आणि वरण ही जोडी! सोबत अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असली की झालं. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि ते न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं होतं. त्यातही विचार हाच होता, कोणी काय खातो यापेक्षा पोषण मिळणं महत्त्वाचं.

मग शरीराला न मानवणारं काय? त्या दिवशी उठून गेलेल्या मुलींच्या हातात पाच रुपयांची तिखट-मिठाची पाकिटं होती. त्यावर मी कधी एक शब्द बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं, "काल-परवाचं वाक्य खोडा. सर चुकले होते." मुलांनी खोडलं. त्या मुलीनं मात्र रेघ दोनदा ओढली.

तुमच्या शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते आज बघा. नाक मुरडायला नाही, शिकायला.