दारातली बाभूळ

दिवाळीच्या सुटीपूर्वी सहामाहीच्या वह्या तपासायच्या, म्हणजे मराठीच्या मास्तराचीच परीक्षा असते. ‘पावसाळा’ हा विषय दिला की चाळीसांपैकी तीस वह्यांत धरणीमाता हिरवा शालू नेसून उभी राहते, ढगांचे नगारे झडतात आणि मोर पिसारा फुलवून नाचू लागतात. आता, आमची शाळा माणदेशात. सह्याद्रीच्या पाठीमागे पर्जन्यछायेत पडलेला हा मुलूख. थोडा साताऱ्यात, थोडा सांगलीत, थोडा सोलापुरात. एखाद्या साली इथल्या धरणीला शालू सोडाच, धड चिरगूटही मिळत नाही. तरी पोरे शालूच लिहितात. मार्गदर्शकात शालू आहे, आणि मार्गदर्शकात असते त्याला गुण पडतात.

एकदा वर्गात एका मुलीला मी विचारले, “तुझ्या दारात काय आहे ग?”

“काही नाही, गुरुजी.”

“काहीच नाही?”

“बाभूळ आहे.”

ते ‘काही नाही’ माझ्या फार जिव्हारी लागले. ज्या झाडाच्या सावलीत हिचा पाळणा टांगला गेला असेल, ते लिहिण्याच्या लायकीचे नाही, हे या दहा-अकरा वर्षांच्या पोरीला कोणी शिकवले? आईबापांनी तर खास नाही.

मी म्हटले, बाभळीचेच लिहून आण. दुसऱ्या दिवशी अर्धे पान आले. आजी तिची काडी मोडून दात घासते. काटेरी फांद्या वडील मेंढरांच्या वाड्याला लावतात. वाळलेल्या शेंगा पायांत बांधल्या की पैंजणासारख्या वाजतात. पण तो आवाज ऐकून शेळ्या धावत येतात आणि पैंजण खाऊन टाकतात. हे शेवटचे वाक्य वाचले आणि वही घेऊन मी तडक स्वयंपाकघरात गेलो. बायकोला वाचून दाखवल्यावाचून मला चैन पडेना.

याच मुलुखातल्या एका माणसाने सत्तर वर्षांपूर्वी साऱ्या महाराष्ट्राला माणदेशची बाभूळ दाखवली होती. व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माडगुळ्याला जन्मले. आटपाडीजवळचे हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. ‘माणदेशी माणसे’ १९४९ साली आली, ‘बनगरवाडी’ १९५५ साली. धनगरांच्या वाडीवर आलेला एक पोरगेला मास्तर, मेंढरे, गावाने बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी वाडी; एवढाच ऐवज. पण माडगूळकर चित्रेही काढीत, आणि ते वाचताना जाणवते. रेखाटन करणारा माणूस झाडाचे पान न् पान काढीत बसत नाही. खोड कुठे वाकले आहे ते तो पाहतो आणि तेवढी एक रेघ ओढतो.

म्हणून अलंकारांना कोणी नावे ठेवू नयेत. वि. स. खांडेकर सांगलीचेच, जन्म १८९८चा, आणि शिरोड्याला पुष्कळ वर्षे मास्तर. त्यांच्या लिहिण्यात उपमा-रूपकांना बहर आलेला असे. पण तो त्यांच्या स्वतःच्या बागेतला होता, उसना नव्हे.

अलीकडे मात्र दुसरीच साथ आली आहे. पात्र खोलीत शिरले की आधी कपाट, मग कपाटावरचे घड्याळ, मग घड्याळाची कंपनी. वाचणाऱ्याला वाटावे, घराचा लिलाव आहे की काय!

सध्या मी लिहितो आहे त्या कादंबरीत हळदीचे पेव आहे. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीच्या पोटात अशी पेवे खणलेली होती. तोंड लहान, पोट मोठे. आत हळद वर्षानुवर्षे टिके. २००५च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले. पेव उघडल्यावर वास कसा येतो, हे विचारायला मी एका जुन्या हमालाकडे गेलो आणि वही उघडून बसलो.

म्हातारा म्हणाला, “वास कोण घेतोय मास्तर? आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा. इझला तर आत हवा न्हाई, मानूस उतरायचा न्हाई. सगळ्यांची नजर त्या कंदिलावर.”

कादंबरीचे ते प्रकरण आता कंदिलापासून सुरू होते.