टेस्ला यांचे 'हरवलेले' ज्ञान नेमके कुठे हरवले?

१/ ७ जानेवारी १९४३. न्यूयॉर्कमधील हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत निकोला टेस्ला यांचे निधन झाले. महायुद्ध सुरू होते. परकीय मालमत्ता सांभाळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याने त्यांचे कागद ताब्यात घेतले आणि एक आख्यायिका जन्मली: बिनतारी विजेचे रहस्य सरकारने दडपले.

२/ कागद तपासले एमआयटीचे विद्युत अभियंता जॉन ट्रम्प यांनी. टेस्ला यांनी एका हॉटेलकडे थकबाकीपोटी एक पेटी तारण ठेवली होती. आत भयंकर अस्त्र असल्याचे बजावले होते. ट्रम्प यांनी ती धास्तावतच उघडली. आत निघाले विद्युतरोध मोजण्याचे, प्रयोगशाळेतले एक जुने उपकरण.

३/ मग मूळ कल्पना काय होती? १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे टेस्ला यांनी प्रचंड दाबाची वीज निर्माण करून प्रयोग केले. पृथ्वीलाच वाहक मानायचे, तिच्यात विद्युत्स्पंदने उठवायची आणि त्याच लयीशी जुळवलेल्या यंत्राने ती जगात कुठेही टिपायची.

४/ १९०१ मध्ये लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा १८७ फुटी मनोरा उभा राहू लागला. जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले, ते मुख्यतः संदेशवहनासाठी. त्याच डिसेंबरात मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संकेत टिपल्याचे जाहीर केले. टेस्ला आता वीजवहनाचे बोलू लागले. मॉर्गन यांनी पुढचा पैसा नाकारला. १९१७ मध्ये हॉटेलच्या देण्यापायी मनोरा पाडला गेला.

५/ पैसा मिळाला असता तर? झोक्याला लयीत दिलेले छोटे धक्के त्याला उंच नेतात, हाच अनुनाद. हाताच्या अंतरावर तो उत्तम चालतो. चकतीवर ठेवताच चार्ज होणारा मोबाइल याच कुळातला. अंतर वाढले की मात्र ऊर्जा विखुरते, काही जमिनीत जिरते. पृथ्वीच्या पाठीवरून अशी वीज पोहोचवणे आजवर कोणी सिद्ध करून दाखवलेले नाही.

६/ जप्त झालेले कागद पुढे बेलग्रेडला गेले. तेथील टेस्ला संग्रहालयात ते जतन आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने त्यांची 'जागतिक स्मृती' म्हणून नोंद केली.

७/ खरे नुकसान त्याआधीच झाले होते. १३ मार्च १८९५ रोजी न्यूयॉर्कमधील त्यांची प्रयोगशाळा जळाली. टिपणे, यंत्रे, नमुने यांची राख झाली, विमाही नव्हता. शिवाय अख्खे यंत्र मनातच उभारून, मनातच चालवून पाहण्याची त्यांना सवय होती. जे कागदावर उतरलेच नाही, ते कोणत्या तिजोरीत सापडणार?

८/ आगीनंतर चार वर्षांनी, कोलोरॅडोत मात्र, त्यांनी तारीखवार नोंदी ठेवल्या: सूत्रे, आकृत्या, चुकलेले प्रयोगही. ती वही १९७८ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. दडपलेले कागद शोधणाऱ्यांनी आधी ती उघडावी.